गिळलेला खोकला

आमच्या ह्यांनी जन्मात कधी सिगारेट ओठाला लावली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला तोच संशय. डॉक्टरांनीही छातीचा फोटो उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न, "दिवसाला किती ओढता?"

"एकही नाही," हे म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी आता चहाडी करणार. म्हटलं, "अहो, हे नाही ओढत. ह्यांचे मालक ओढतात आणि हे त्यांच्यासमोर बसतात. आमच्या लग्नाच्याही आधीपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग धूर ह्यांनीही घेतलाच की."

हे सोनार. दुकान मालकांचं, कारागिरी ह्यांची. दुकानामागे एक एवढीशी खोली, तिथे दोघं दिवसभर समोरासमोर. पंखा नाही, खिडकी कायम बंद. कानस चालली की सोन्याचा कीस पडतो, पिठासारखा हलका. वारा आला की गेलाच. संध्याकाळी लादी झाडून ती धूळसुद्धा जपून ठेवतात आणि जाळून त्यातलं सोनं काढतात. सोन्याचा कण बाहेर जाऊ द्यायचा नाही, मग धूर तरी कुठून जाणार! आणि मालकांची एक विझायच्या आत दुसरी पेटलेली.

त्यात खोकायचं नाही. खोकलं की मेजावरचा कीस उडतो. नव्या कारागिराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, शिंक आली तर मान फिरव, खोकला आला तर गिळ. ह्यांनी तो इतका छान गिळला की घरातसुद्धा मला पत्ता लागला नाही. मी मेली कौतुकाने सांगत सुटायची, आमच्या ह्यांना साधं पडसंही होत नाही म्हणून! मग जिन्यात मध्येच थांबायला लागले. विचारलं की म्हणायचे, "चपलेचा अंगठा तुटलाय." रोज कसा तुटेल हो अंगठा?

डॉक्टरांकडून आल्यावर मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, "मालकांना म्हणा, बाहेर जाऊन ओढा."

"दादांना? मी सांगू?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "माझ्या हातात कानस त्यांनी दिली. त्यांच्याच दुकानातून त्यांना बाहेर जा म्हणू?"

शेवटी मीच गेले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून तरी आले असते. पण त्यांनी ऐकल्याबरोबर सिगारेट चिरडली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "वहिनी, उद्यापासून त्याला दाराजवळ बसवतो." बसवलंही. खोली तीच आणि ते दारही बंदच. आणि त्या दिवशी मी निघेपर्यंतच बोलता बोलता त्यांनी दुसरी पेटवली होती. त्यांच्या ध्यानातही नव्हतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

आता हे घरीच असतात. आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसतात. पूर्वीसारखं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. खोकला मात्र आता दिवसभर, इतका की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते. मी खिडकी सताड उघडी ठेवते. दुसरं माझ्या हातात काय आहे?

काल मालक आले. फळं घेऊन आले, पलंगाशी खुर्ची ओढून बसले. एका अवघड बांगडीचं काम अडलंय, तुझ्याशिवाय हात चालत नाही, असं सांगता सांगता त्यांचा हात खिशात गेला. काडी ओढली.

"अहो दादा..." मी म्हटलं. ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मग ह्यांचे ओठ घट्ट मिटले. मानेच्या शिरा फुगल्या, चादर मुठीत आवळली गेली, डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. मालक बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा खुलला.

"वहिनी, बघितलंत? सिगारेट संपत आली, पण एकदासुद्धा खोकला नाही. गुण येतोय म्हणायचा!"

हे मान हलवून हो म्हणाले.