कांद्याचा रस

नागपुरात मे महिन्यात कोणाला काहीही झालं तरी ते ऊनच असतं. डोकं दुखलं, ऊन लागलं. जेवण गेलं नाही, ऊन लागलं. मीही याच गावचा. त्यामुळे आमच्या कुत्र्याने दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही आणि तो कूलरसमोर लोळत पडला, तेव्हा मी चष्मासुद्धा न लावता निदान करून टाकलं.

कुत्रा खरं म्हणजे मुलीचा. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तो माझ्याकडे राहिला. जाताना तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. महिन्यातून एकदा मानेवर गोचिडांचं औषध टाकायचं, रोज कान आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या तपासायच्या, हिरड्या गुलाबी आहेत ना ते पाहायचं. मी त्या कागदाची यथेच्छ टिंगल केली. माझ्या स्वतःच्या हिरड्या साठ वर्षांत कुणी पाहिल्या नव्हत्या. मार्चमध्ये औषध संपलं आणि आणायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मी आणलं नाही.

उन्हावर आमच्याकडे उपाय एकच, कांदा. बाहेर पडताना खिशात कांदा, घरी आल्यावर तळपायाला कांद्याचा रस. माझी आई मला आणि माझ्या भावांना असंच उन्हाळ्यातून बाहेर काढायची. मग कुत्र्यानेच काय घोडं मारलं होतं? मी कांदा किसून पिळला, रस त्याच्या पंजांना चोळला आणि उरलेला चोथा दहीभातात कालवून त्याला भरवला. वास त्याला आवडला नाही. तो मान वळवायचा, मी पुन्हा हात पुढे करायचो आणि तो खायचा, कारण माझ्या हातचं तो काहीही खातो. असं तीन दिवस, दोन्ही वेळा केलं. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

चौथ्या दिवशी तो पायरी चढेना. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक आणि भांडी करणाऱ्या बाई मूळच्या उमरेडच्या, आमच्या घरी बऱ्याच वर्षांपासूनच्या. त्यांनी त्याचा ओठ वर करून पाहिला.

"काकाजी, याचं तोंड आतून पांढरं पडून राहिलं. याले डॉक्टरकडे न्या."

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या कानातून एकेक करत गोचिडं काढली, वाटाण्याएवढी फुगलेली. ऊन नाही, गोचीडताप आहे, म्हणाले. मग त्यांनी लघवीचा रंग विचारला. मी म्हणालो, काळ्या चहासारखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कांदा-लसूण काही खाण्यात आलं का? कुत्र्यांना ते चालत नाही. रक्तातल्या लाल पेशी फुटतात."

हे मला माहीत नव्हतं. तोवरच्या प्रकाराला चूक म्हणता येईल. पुढे जे बोललो ती चूक नव्हती.

"मी तर नाही दिला," मी म्हणालो. "आमच्या स्वयंपाकाच्या बाई उरलंसुरलं टाकत असतील."

"त्यांना विचारून लगेच कळवा. किती दिला, किती दिवस दिला, ते कळलं पाहिजे. त्यावरून रक्त चढवायचं का ते ठरवतो."

आणि मी खरोखर विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कणीक मळत होत्या, त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही याला कांदा दिला का?"

त्यांचे हात थांबले. "नाही जी, काकाजी."

मी त्यांच्यादेखत डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणालो, "बाई तर नाही म्हणतात." आवाज असा काढला की ऐकणाऱ्याने उलटंच समजावं. जाताना बाई रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. त्या दिवशी पदराखाली हात घेऊन बाजूने निघून गेल्या. त्याने मान उचलली आणि पुन्हा खाली टाकली.

पुढच्या सकाळी तो पाणी प्यायलाही उठला नाही. मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "बाई, कांदा मीच दिला. तीन दिवस दिला."

त्यांनी भाजी चिरणं थांबवलं नाही. "मले मालूम आहे. दह्याच्या वाटीले वास होता. भांडे कोण घासते इथं?"

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो.

"मले काहून सांगून राहिले? डॉक्टरले सांगा ना. तिकडे तो मरून राहिला."

मी सांगितलं. त्याच दिवशी दुसऱ्या एका कुत्र्याचं रक्त त्याला चढवलं. आठवडाभर जीव टांगणीला लागला होता, पण तो वाचला. आधीच कळलं असतं तर ही वेळ आली नसती, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मुलीला मी फोनवर गोचीडतापाचं तेवढं सांगितलं.

आता औषध महिन्याच्या महिन्याला पडतं. रोज सकाळी चष्मा लावून मी त्याचे कान आणि बेचक्या बघतो. हिरड्याही बघतो.

दिवाळीला मुलगी आली. तिने त्याच्या कानात पाहिलं, ओठ उचलला, केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकं कराल असं मला वाटलं नव्हतं." तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"काकाजीनं लय जीव लावला याले," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी कप उचलला, एक घोट घेतला.

"साखर कमी आहे, बाई," मी म्हणालो.