खाणीतली उजवी बाजू

नकाशेवाला त्या माणसाला ओळखत होता असं म्हणणं म्हणजे थापच होईल. दोघांचा सहवास मोजून चार दिवसांचा, तोही दोघांनी सत्तरी ओलांडल्यावरचा. त्याला भावंडं किती, तरुणपणी तो कसा दिसायचा, त्याला कशाची भीती वाटायची, यातलं नकाशेवाल्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. खरं नावसुद्धा विचारायचं राहिलं. सगळं गाव त्याला ठोक्या म्हणायचं आणि तोही निमूट ओ द्यायचा. पुढच्या वर्षी तो गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र नकाशेवाल्याला दोन दिवस घास गेला नाही.

ठोक्या कोळशाच्या खाणीत छत ठोकायचा. पाळीची माणसं उतरण्याआधी एकट्याने बोगद्यात शिरायचं आणि लांब सळईने डोक्यावरचा दगड ठोकत पुढे जायचं. दगड खणखणीत वाजला तर माणसं आत. बद्द वाजला तर कोणीही पाऊल टाकायचं नाही, मग मुकादम कितीही थयथयाट करो. छत्तीस वर्षं त्याने हेच केलं, आणि त्याने खणखणीत म्हटलेलं छत एकदाही कोसळलं नाही.

नकाशेवाला त्याच खाणीचे नकाशे काढायचा, पण तीन तासांवरच्या शहरात, कचेरीच्या टेबलावर. आकडे येत, तो रेघा ओढे. खाणीत तो कधी उतरला नाही. भित्रा होता म्हणा ना! पण रेघ त्याची चोख. चाळीस वर्षांत आपल्याला एक रेघ खोडावी लागली नाही, एवढा एकच अभिमान त्याच्या गाठीला होता.

खाण बंद पडून बारा वर्षं झाल्यावर त्याला एक पत्र आलं. ‘तुमच्या नकाशात शाळेच्या मैदानाखाली भरीव दाखवलंय. ते पोकळ आहे. तिथे लहान मुलांच्या वर्गांसाठी दुमजली इमारत होणार आहे. सोमवारी पाया भरतील. त्याआधी या.’ खाली सही : ठोक्या.

नकाशेवाला शुक्रवारी एसटीने निघाला. चूक मान्य करायला नव्हे, आपलं बरोबर आहे हे नम्रपणे सांगायला.

गाव एका रस्त्याचं. दोन्ही बाजूंची घरं थोडी थोडी कलती, जशी एकमेकांच्या कानाला लागलेली. दारं बसेनाशी झाली की लोक खालून रंधा मारून घेत. काही दारं इतकी तासलेली की खालून मांजर सहज जाई. भिंतींच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर तारीख. पट्टी तडकली की समजायचं, जमीन हलली. गावाबाहेर एक शेत खचून त्याचं तळं झालं होतं आणि कुंपणाच्या खांबांची नुसती डोकी पाण्यावर दिसत होती. नकाशेवाल्याने हे शेत कागदावर शंभरदा पाहिलं होतं. तिथे पाणी नव्हतं.

ठोक्याच्या बायकोने दार उघडलं. “आलात भाऊजी? बरं झालं. तीन महिने माझं डोकं खाल्लं, आता तुमचं खातील.”

“काय म्हणतेस?” आतून ठोक्याने विचारलं.

“बघा! दगड काय बोलतो ते यांना ऐकू येतं. बायको बोलली की कान बद्द.”

ठोक्या बाहेर आला. बुटका, रुंद खांद्यांचा; चालताना अजूनही मान खाली घालायचा, जणू आकाशही डोक्याला लागेल. चहाचा कप हातात देऊन तो म्हणाला, “हा संपवा आणि चला. नगरपालिका पाचला बंद होते.”

नगरपालिकेची इंजिनीअर तरुण होती आणि दोघांशी अदबीने वागली. “काका, जमिनीवर ठोकून तुम्हाला चाळीस फूट खालचं ऐकू येतं?”

“नाही.”

“मग?”

“मी आतून ठोकलंय.”

तिने नकाशा पसरला. “यात शेवटचा बोगदा रस्त्याच्या या अंगाला, पडीक जागेखाली आहे. शाळेचं मैदान त्या अंगाला. मी कागद बघू की तुमची आठवण?” मग ती पाहुण्याकडे वळली. “नकाशा तुमचा ना? तुम्ही काय म्हणता?”

“मोजणीवरून काढलाय,” नकाशेवाला पुटपुटला. “चूक नसावी.”

रस्त्यावर आल्यावर त्याला वाटलं, आता हा माणूस आपल्याला फाडून खाणार. ठोक्या एवढंच म्हणाला, “उद्या सकाळी खाणीच्या तोंडाशी जाऊ. बूट आहेत का? चपला नकोत.”

शनिवारी ते तिथे गेले. खाणीचं तोंड सिमेंटने बुजवलेलं, वरच्या मोठ्या चाकाचा फक्त सांगाडा उरलेला. ठोक्या बुजवलेल्या तोंडाकडे तोंड करून उभा राहिला.

“आत शिरलात की ही सरळ मुख्य वाट, गावच्या रस्त्याखालून. साडेतीनशे पावलं. मग उजव्या हाताला शेवटचा बोगदा, शाळेखाली जाणारा.” आणि त्याने हात लांब केला. डावा.

“हा डावा झाला तुमचा,” नकाशेवाला म्हणाला.

“वर डावा. खाली उजवा.”

“म्हणजे?”

ठोक्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. “अहो, दिवा विझला, छत करकरलं, तर माणूस कुठे पळणार? बाहेर. म्हणून खाणीत उजवं-डावं घराकडे तोंड करून मोजतात. कोळशाकडे नाही. हे शेंबडं पोरही सांगेल.”

नकाशेवाला जवळच्या दगडावर बसला. बाकी सगळे बोगदे यंत्राने मोजलेले होते. पण शेवटच्या वर्षी मोजणीदाराची जागा रिकामी होती आणि तेवढ्या एका बोगद्याची हकीकत मुकादमाच्या चिठ्ठीवर आली होती : ‘मुख्य वाटेने साडेतीनशे पावलं, उजवीकडे साठ.’ त्याने पेन्सिल टोकदार करून, कोळशाकडे तोंड करून, उजवीकडे रेघ ओढली होती. सुबक. अजूनही त्याला ती डोळ्यांसमोर दिसत होती.

गप्प बसता आलं असतं. चिठ्ठी केव्हाच रद्दीत गेली असेल.

“माझी रेघ उलटी आहे,” तो शेवटी म्हणाला. आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं.

“तुमच्या एकट्याची नाही. आम्ही सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही.” ठोक्याने खिशातून घडी केलेला कागद आणि पेन काढलं. “लिहून द्या.”

“इथे?”

“दगडावर बसलाच आहात. कागद तीन महिने खिशात घेऊन फिरतोय, आणखी मळायला नको.”

ते पोचले तेव्हा इंजिनीअर आपल्या घराच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ओल्या हातांनी तिने कागद घेतला, दोनदा वाचला. “म्हणजे उजवीकडे म्हणजे...” असं म्हणत ती स्वतःभोवतीच एकदा वळली. मग आत जाऊन तिने बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावला. सुट्टी आहे म्हणून त्याने कुरकुर केली, तिने ती ऐकून घेतली नाही.

रविवारी दुपारपर्यंत मैदानात गाडी घरघरत होती. वीस फूट, तीस फूट. गाडीवाला म्हणाला, “पत्थर आहे सगळा. म्हातारे उगाच दमवतात.” ठोक्या जागचा हलला नाही. बायकोने डोक्यावर धरलेली छत्रीही त्याने बाजूला सारली. अडतीस फुटांवर यंत्राचा आवाज बदलला आणि सळई एका दमात माणूसभर खाली सटकली. गाडीवाल्याने शिवी हासडून यंत्र बंद केलं.

इंजिनीअर चुन्याने आखलेल्या पायाकडे बघत राहिली. “उद्या इथे काही भरायचं नाही,” ती म्हणाली. “इमारत रस्त्यापलीकडे नेऊ. तिकडे भरीव आहे ना काका?”

“असावं. पण आधी तिथेही भोक पाडा. माझ्या शब्दावर जाऊ नका.”

“आणि माझ्याही,” नकाशेवाला म्हणाला. त्यावर ठोक्या पहिल्यांदा मोठ्याने हसला.

सोमवारी तो पाहुण्याला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी जुनाट होती. नकाशेवाल्याला काहीतरी मोठं, लक्षात राहील असं बोलायचं होतं. रात्रभर त्याने शब्द जुळवलेही होते. तेवढ्यात ठोक्या खिडकीशी आला.

“ही काच लागत नाही. मागे बसा, धूळ कमी येईल.”

“नको, मागे गचके फार.”

“मग रुमाल बांधा तोंडाला.”

“बांधतो.”