प्रत्येक स्क्रूला पाव फेरा

भाविका आंघोळीला गेली तेव्हा रामनाथ केणेने तिची एअर रायफल पिशवीतून काढून पलंगावर आडवी ठेवली. खिशातली एलन की, म्हणजे काटकोनात वाकलेली षटकोनी चावी, काढली आणि दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांचे आठही स्क्रू एकेक करून आवळले. प्रत्येकाला पाव फेरा, हाताला समाधान वाटेपर्यंत. मग बंदूक होती तशी पिशवीत ठेवून तो चहाला बसला. यात मुलीला सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं नाही.

पॉवरलूमवर एकतीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला ते वाटणारही नाही. लूम दिवसभर हादरतं आणि हादरणाऱ्या यंत्राचा नट ढिला होतो. म्हणून शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाना घेऊन एक फेरी मारायची आणि प्रत्येक नटाला एकदा जोर द्यायचा, हा रामनाथचा नेम होता. त्याच्या हातचं लूम मधल्या शिफ्टला बंद पडत नाही, असं भिवंडीतले शेठ एकमेकांना सांगत. पुढे कारखाना विकला गेला आणि त्या जागी गोदाम उभं राहिलं. रामनाथ आता त्याच गोदामात शटरं आणि ट्रॉल्या सांभाळतो. सकाळची फेरी सुटलेली नाही.

त्या रविवारी अंजूरच्या नेमबाजी क्लबवर जिल्हा संघाची निवड होती. पन्नास मीटर अंतर, वीस छर्रे, तेवीस वर्षांखालचा गट आणि पहिले चार संघात. भाविकाला पुढच्या महिन्यात तेवीस पूर्ण होणार होती. या गटातली ही तिची शेवटची निवड.

बंदूक स्प्रिंगची. घोडा ओढला की ती आधी मागे ढकलते, मग पुढे झटका देते, आणि तो दुहेरी झटका दुर्बिणीला सोसावा लागतो. तीन महिन्यांपूर्वी ही दुर्बीण रामनाथनेच बसवली होती. बंदुकीची नळी पुढे किंचित झुकलेली असल्यामुळे वर-खालीचं बटण शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच लागायचा. त्याने मागच्या कडीखाली जुन्या एक्स-रेची बारीक पट्टी सरकवली आणि छर्रा वर आला. मग सुताला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओळंबा सोडला आणि दुर्बिणीतली उभी रेघ सुताशी जुळवली. क्लबचा प्रशिक्षक देवेश शेजारी उभा राहून पाहत होता. स्क्रू आवळायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला होता, "दोन बोटांचा जोर, काका. हे लूम नाही." रामनाथने तेव्हा ऐकलं होतं.

साडेनऊला सरावाचा अर्धा तास सुरू झाला. भाविकाने पाच छर्रे मारले. पाचही लक्ष्यातल्या मधल्या ठिपक्याच्या उजवीकडे लागले, साधारण दोन बोटं. तिने बाजूचं बटण डावीकडे चार क्लिक फिरवलं. पन्नास मीटरवर एका क्लिकला छर्रा साडेतीन मिलिमीटर सरकायला हवा. तो जिथल्या तिथेच लागला. आणखी चार क्लिक. तरी तिथेच. आणखी दोन, आणि पुढचा छर्रा एकदम ठिपका ओलांडून डावीकडे गेला.

देवेश तिच्यामागे येऊन उकिडवा बसला. "छर्रे कुठल्या डबीतले?"

"नेहमीच्याच."

"वारा तर नाहीये. मग तूच हलतेयस."

"मी हलत नाहीये, सर."

"सगळे हेच म्हणतात."

तिने पुन्हा मारला. छर्रा परत उजवीकडे लागला, बटणाला हात न लावता.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या रामनाथला आत काय झालंय ते एव्हाना कळलं होतं. बटण फिरवलं की दुर्बिणीच्या नळीत आणखी एक बारीक नळी सरकते. बाहेरची नळी चेपली की आतली अडकते आणि मग झटक्याने सुटते. सकाळचा तो पाव फेरा त्याच्या बोटांना अजून आठवत होता. तो उठला, दोरीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. आता बोललो तर मुलीचा हात थरथरेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

"वीस मिनिटं उरलीत," देवेश घड्याळ पाहत म्हणाला. "विपुलची जास्तीची बंदूक पडलीय. ती घे."

"मी त्या बंदुकीने कधी मारलेलं नाही."

"मग हिने मारून घरी जायचंय का?"

भाविका उठली. विपुल हा क्लबातला दुसरा नेमबाज. त्याच्या पिशवीची चेन तिने अर्धी उघडली होती.

"ती नको घेऊ," रामनाथ म्हणाला. "सकाली मीच आवललं."

ती वळली. "काय आवळलं?"

"दुर्बिनीचं स्क्रू."

"किती?"

"पाव-पाव फेरा. आठही."

देवेशने कपाळावर हात मारला. "काका! मी काय सांगितलं होतं? मशीन समझा है क्या इसको?"

भाविकाने चेन लावली, आपली बंदूक उचलली आणि दोरीवरून त्याच्या हातात दिली. "खोला."

टेबलावर बंदूक ठेवून रामनाथने कड्या ढिल्या केल्या आणि वरचे अर्धे भाग उचलले. दुर्बिणीच्या काळ्या नळीवर दोन चंद्रकोरी वळ उमटले होते. त्याने ते अंगठ्याने चाचपले. भाविकानेही पाहिले. देवेशने शामियान्याच्या बांबूला सुतळी लावून खाली पाण्याची बाटली बांधली, ती डोलायची थांबेपर्यंत तिघेही नुसते उभे राहिले. भाविकाने रेघ जुळवली. या खेपेला रामनाथने चावी उलटी धरली. लांब दांडा स्क्रूत, आखूड दांडा दोन बोटांत, म्हणजे जोर लावायचा म्हटला तरी लागत नाही. एक डावीकडचा, मग समोरचा उजवीकडचा, थोडा थोडा. एकतीस वर्षांत इतक्या ढिल्या हाताने त्याने काही बसवलं नव्हतं. घाम नाकावरून टेबलावर पडत होता.

"बस. आणखी नको," भाविका म्हणाली.

"ढिला वाटतोय गं."

"वाटू दे."

नऊ मिनिटं होती. पहिले तीन छर्रे खाली डावीकडे लागले, पण एकमेकांना चिकटून. तिने वर सहा आणि उजवीकडे पाच क्लिक घेतले. छर्रे सरकले. पुन्हा दोन क्लिक, पुन्हा सरकले. शेवटचे चार रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ लागले. शिट्टी वाजली.

मॅटवर आडवी होण्याआधी ती दोरीपाशी आली. "बाबा, मॅचमध्ये बटण फिरवलं तर फिरेल ना?"

हा प्रश्न रामनाथला आयुष्यभर शेठ लोकांनी विचारला होता. चालेल ना, फिटर? आणि तो दर वेळी म्हणाला होता, चालेल.

"म्हाईत न्हाय, बाय," तो म्हणाला. "नलीला वल परलेत. आता फिरलं. परत फिरंल का, मी न्हाय सांगू शकत."

तिने मान हलवली आणि गेली.

पहिले अकरा छर्रे चांगले गेले. बाराव्याला खाडीकडचा वारा उठला. लेनच्या कडेची लाल चिंधी आडवी झाली आणि बारावा, तेरावा दोन्ही उजवीकडे सरकून आठ गुणांच्या वर्तुळात लागले. आजूबाजूचे हात आपापल्या बटणांकडे गेले. क्लिकचे आवाज ऐकू येत होते.

"दोन क्लिक घे," देवेश रामनाथच्या कानाशी पुटपुटला. "घे ना, यार. घेत का नाहीये ही?"

भाविकाचा हात बटणाकडे गेला नाही. दुर्बिणीतल्या आडव्या रेघेवर बारीक ठिपके असतात. ठिपक्याच्या मापाने ती नेम डावीकडे धरत होती. वारा वाढला की जास्त, पडला की कमी. प्रत्येक छऱ्याआधी ती चिंधीकडे बघायची. वेळ संपत चालला होता. रामनाथने दोरी धरून ठेवली होती. तिच्या बटणाकडे न वळणाऱ्या हाताकडे पाहता पाहता त्याला कळलं, की त्याने बसवलेल्या वस्तूवर ती विश्वास ठेवत नाहीये. आणि तेच बरोबर आहे.

विसावा छर्रा नऊ सेकंद राखून सुटला.

दोनशेपैकी एकशे एक्क्याऐंशी. पाचव्या मुलीचे एकशे ऐंशी होते. भाविका चौथी.

निकाल लागल्यावर रेंज रिकामी झाली, वाराही पडला. तिने देवेशची परवानगी घेऊन कोरा कागद लावला. एक छर्रा मारला, बटण दोन क्लिक फिरवलं आणि दुसरा मारला. तो पहिल्याच भोकात गेला. आणखी दोन क्लिक. तेच. पाचव्या क्लिकला छर्रा एकदम दीड सेंटीमीटर उडाला.

देवेशने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "मी तर ओरडून सांगणार होतो तुला. दोन क्लिक घे म्हणून."

"बाबा म्हणाले होते, माहीत नाही."

तिने बंदूक पिशवीत घातली. मग रामनाथसमोर हात पसरला. "चावी."

त्याने खिशातून एलन की काढून दिली.

"नवीन दुर्बीण बसवाल तेव्हा मागून घ्या," ती म्हणाली. "बसवायची तुम्हीच. पण सकाळची फेरी बंद."

"बरं," रामनाथ म्हणाला आणि मोटरसायकल काढायला गेला.