क्लिअरकोटमधले ठिपके

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारेगावजवळच्या एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये मी तपासनीस होतो. काम इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरांचं. कव्हर धुऊन, सुकवून आधी नुसतंच भट्टीत तापवायचं. ओतकामात अडकलेली हवा तिथं निघाली नाही, तर ती नंतर रंग फोडून बाहेर येते. मग प्रायमर, त्यावर काळा थर, त्यावर पारदर्शक क्लिअरकोट. प्रत्येक थरानंतर पुन्हा भट्टी. क्लिअरकोटखाली राहिलेला बोटाचा ठसा पुसता येत नाही.

पावडरची गन आप्पा चालवायचे. ते दौंड तालुक्यातल्या खुटबावचे, धनगराच्या घरातले. मेंढरं वडिलांबरोबर संपली, मग थोडी शेती आणि ही नोकरी. सहा वर्षं ते टेम्पररी होते. इंजिनवाल्या कंपनीनं नमुन्याची वीस कव्हरं पास केली की दिवाळीत कायम करतो, असं मालकांनी सांगितलं होतं.

खंडेनवमीला सकाळी यंत्रांची पूजा झाली. पूजेसाठी पावडर मारायच्या बूथचा, उडालेले कण ओढून घेणारा पंखा बंद होता आणि काळा थर बसलेली नमुन्याची कव्हरं आत हुकांना लटकत होती. आप्पांनी गनला हार घातला. खिशातून पुडी काढून चिमूटभर भंडारा बूथच्या तोंडाशी उधळला आणि खंडोबाचा जयजयकार केला.

"आप्पा, पीले कलर का ऑर्डर नहीं है," बूथची सफाई करणारा बिहारी कामगार म्हणाला.

"गप रं. ह्यो आमच्या देवाचा कलर हाय. ह्याला ऑर्डर लागत न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. प्रसादाचं खोबरं माझ्या हातात होतं. दुपारी क्लिअरकोट मारून कव्हरं भट्टीतून बाहेर आली, तेव्हा अकरा कव्हरांवर भाजलेल्या हळदीच्या रंगाचे बारीक ठिपके होते. ते क्लिअरकोटच्या आत होते.

अहवालात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं : बाहेरचा कण.

मालकांनी एका कव्हरवर नख फिरवलं. "बाहेरचा म्हणजे? बूथ कुणी साफ केला होता?"

सगळ्यांची नजर सफाईवाल्याकडे गेली.

"उद्यापासून ह्याला गेटच्या आत घेऊ नका."

"त्यानं बूथ चांगला पुसला व्हता, शेठ," आप्पा म्हणाले. "भंडारा मी टाकला."

"अहो, पूजेला नाही कोण म्हणतंय? पण कव्हरं तरी बाहेर काढायची!"

मालक केबिनमध्ये गेले. आप्पा माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही बघितलं व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मग ल्ह्या की."

आप्पांची नोकरी वाचावी म्हणून गप्प राहिलो, अशी माझी समजूत होती. त्यात दुसऱ्याची नोकरी जाणार होती, हे मालक बोलले तेव्हा मला कळलं होतं. तरीही मी बोललो नव्हतो. मी आधीचं खोडून 'भंडारा' लिहिलं. आप्पांनी खाली सही केली.

कव्हरं घासून पुन्हा तिन्ही थर दिले. ती पास झाली. दिवाळीत आप्पांना कायम केल्याचं पत्र निघालं नाही. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. सफाईवाला कामावर राहिला. पाळी सुटली की दोघं बोलत कारेगावच्या रस्त्यानं निघायचे. माझी खोलीही तिकडेच होती. ते पुढं गेल्यावर मी निघायचो.