कोठीवरचं इंजिन

इंजिन माझ्या वितीएवढं होतं. शेजारच्या काकांनी ते मऊ कापडातून काढून माझ्या तळहातांवर ठेवलं, तेव्हा मी श्वाससुद्धा जपून घेतला. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी अमरावतीच्या घरातली एक खोली रेल्वेच्या मॉडेलांना देऊन टाकली आहे. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गावाकडच्या मीटरगेज गाडीबद्दल एकदा सहज बोलले, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

ते आमचंच इंजिन होतं. अकोट-अकोला मीटरगेजवर जे डिझेल इंजिन मला रोज कॉलेजला न्यायचं, तेच. कठड्याच्या दांड्या सुईपेक्षा बारीक तारेच्या. काचेवर वायपर, पापणीच्या केसाएवढा. धुराच्या तोंडाशी काजळी. डिझेल भरायच्या झाकणाखाली काळा ओघळ. खिडकीत कोपर बाहेर टेकवून बसलेला ड्रायव्हर.

"हा डाग मुद्दाम केलात?" मी विचारलं.

"चार वेळा पुसून केला, मॅडम. स्वच्छ इंजिन खेळण्यातलं असतं."

मग त्यांनी ते रुळावर ठेवलं आणि हातातल्या कंट्रोलरचं एक बटण दाबलं. आधी घरघर झाली. मग खोकल्यासारखी उबळ आली. मग इंजिनानं लय धरली, आणि ती जरा लंगडी, जड धडधड सुरू झाली, धड-धडक, धड-धडक. आत नखाएवढी चिप आणि बोराएवढा स्पीकर. खऱ्या इंजिनाचा उभं असतानाचा आवाज वेगळा घेतलेला, जोर चढतानाची एकेक पायरी वेगळी, हवेचा फुसकारा वेगळा, भोंगा वेगळा. बटण फिरवलं की चिप ठरवते कुठला आवाज कुठल्या आवाजात मिसळायचा. हे सगळं मी फळ्यावर समजावून सांगू शकते. तरी त्या खोलीत मी हात जोडल्यासारखी उभी होते.

कारण त्या आवाजावर माझं शिक्षण झालंय.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो शाळा सोडून अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागला होता. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्टेशनवर सोडायचा. घड्याळ आमच्याकडे नव्हतं असं नाही, पण गाडीला तरी कुठे घड्याळ होतं? आमचं घड्याळ म्हणजे भाऊचा कान. मोठ्या चिंचेच्या वळणाशी आलो की तो म्हणायचा, "चूप बस वं. आयकू दे." इंजिन लंगडत धडधडत असलं तर म्हणायचा, "उभी हाय." मग तो शीळ घालत जायचा. आवाज चढायला लागला तर तो सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारायचा, आणि वर मलाच ऐकवायचा, "खाऊन खाऊन म्हैस झाली तू, सायकल हालत नाई!" तीन वर्षांत माझी गाडी एकदाही चुकली नाही.

आता भाऊला ऐकू येत नाही. आयुष्यभर जिनिंगच्या मशिनींमध्ये राहून कान गेले. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज पूर्ण गेलेत, जाडे थोडे उरलेत. कानातलं मशीन लावलं तर त्याला सगळं जग पत्रा घासल्यासारखं वाटतं, म्हणून ते कोनाड्यात पडून असतं. पण मला बोचतं ते दुसरंच. गल्लीभर टिंगल करत फिरणारा माझा भाऊ बोलायचाच थांबला आहे. फोनवर वहिनी सांगते, "दिवसभर खाटेवर बसून रायते, हो म्हनत नाई का नाई म्हनत नाई."

मी काकांना हे सांगितलं आणि विचारलं, हा आवाज त्याला ऐकवता येईल का? काकांनी इंजिन परत मऊ कापडात गुंडाळलं. ते इंजिन खोलीबाहेर कधी गेलंच नव्हतं. मग म्हणाले, "रविवारी एसटीनं अकोटला जाऊ. मी मांडीवर घेऊन बसतो."

दर्यापूरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला काका खोका वर उचलून धरायचे. कंडक्टरनं विचारलं, "काकाजी, केक हाय का?"

"इंजिन आहे."

"मंग एसटीले लावा ना बाप्पा, हे त चढावर दमून राहिली!"

घरी भाऊनं इंजिन पाहिलं आणि हात पँटला पुसले. मग वाकून, डोळे बारीक करून पाहत राहिला. "कोपर बाहेर काढून बसला हाय डायवर," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचं आपणहून आलेलं वाक्य. डिझेलच्या डागावरून त्यानं अंगठा फिरवला, काकांनी डोळे मिटले, पण डाग टिकला.

काकांनी टेबलावर प्लायवूडची फळी मांडली. तिच्यावर फोम, फोमवर रूळ; मोटरची खडखड फळीत उतरू नये म्हणून असंच करतात. इंजिन सुरू केलं. धड-धडक, धड-धडक. वहिनी तोंडाला पदर लावून बघत राहिली.

भाऊ माझ्याकडे बघत होता. "चालू झालं का?"

काकांनी आवाज पूर्ण वाढवला. भोंगा दिला. वहिनीनं कान झाकले. भाऊनं मान हलवली. मग माझा चेहरा पाहून मलाच समजावायला लागला, "दिसाले लय मस्त हाय वं. खरंच. च्या घ्या तुमी." तो खाटेवर जाऊन बसला, आणि मला वाटलं, आता हा परत गप्प होणार. या वेळी माझ्यामुळे.

वहिनीला ताटं मांडायची होती. ती म्हणाली, "काकाजी, थे सामान कोठीवर ठेवा ना थोडं." धान्याची पत्र्याची कोठी कोपऱ्यात रिकामी उभी होती, यंदाची तूर अजून यायची होती. तिच्या झाकणावर फळी मावेना. काकांनी फोमसकट फळी बाजूला ठेवली, नुसता रूळ पत्र्यावर टेकवला आणि तारा बिघडल्या तर नाहीत ना, हे पाहायला इंजिन पुन्हा सुरू केलं.

कोठी बोलली.

एकतारीची नुसती तार किती बोलेल? तिला आवाज देतो तो भोपळा. कमरेएवढी रिकामी कोठी त्या वितीएवढ्या इंजिनाचा भोपळा झाली. आवाज खाली उतरला, जाड झाला, जमिनीतून पायांना लागला. कोठीवरचा पेला थरथरायला लागला. मी विज्ञानाची बाई, पण मला तेव्हा एकही सूत्र आठवलं नाही.

भाऊ खाटेवरून उठला. त्यानं दोन्ही तळहात कोठीच्या पोटावर ठेवले. मग कान टेकवला. वहिनी काहीतरी बोलायला गेली, तर त्यानं बोट वर केलं.

"चूप. आयकू दे."

आम्ही कोणी हललो नाही.

"उभी हाय," भाऊ म्हणाला.

काकांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि एक बटण दाबून चाकं थांबवून ठेवली, म्हणजे नुसता आवाज चढेल. मी हळूच बटण फिरवलं. धडधड दाट झाली, एक पायरी, दुसरी, कोठीचा पत्रा घुमू लागला. भाऊ ताडकन सरळ झाला. त्यानं माझं मनगट पकडलं आणि दाराकडे ओढलं.

"चाल! चाल वं, सुटून राहिली!"

काकांनी घाईनं कंट्रोलर घेतला आणि आवाज परत खाली आणला. धड-धडक, धड-धडक. भाऊ उंबऱ्याशी थांबला. आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे, आणि हसायला लागला. माझं मनगट मात्र सोडलं नाही.

"उभी ठेवा, काकाजी," तो म्हणाला. "आमची बाई बसाची हाय अजून. म्हैस झाली ना, टाइम लागते तिले."