आत्याच्या पसंतीचं पाणी

सबंध संभाजीनगरात एकाही घरचं पाणी माझ्या आत्याच्या पसंतीस उतरलेलं नाही. लोक कुणाकडं गेले की माणसांची विचारपूस करतात, आत्या नळाची करायची. चपला काढल्या की ती थेट मोरीत शिरे, पिशवीतली साबणाची वडी काढून हातावर चोळे आणि फेस येतोय का ते अशा तुच्छतेनं बघे, की यजमानाला आपण आजवर काहीतरी लपवत होतो आणि आता सापडलो असं वाटावं. फेस कधीच पुरेसा येत नसे. मग बादलीच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडून, ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरून ती बाहेर येई. "हे पाणी हाय व्हय? ह्यानं भिंती रंगवा!"

यंत्रांतलं तिला काही कळत होतं असं नाही, पण यंत्र कशानं मरणार हे तिला आधी कळे. कुणाची इस्त्री वाफ का सोडत नाही, कुणाच्या शॉवरची अर्धी भोकं का बुजली, कुलरच्या जाळीवर मीठ का फुलतं, सगळ्याला तिचं एकच उत्तर होतं आणि ते ती न विचारता देई. उस्मानपुऱ्यात तिच्या शेजारच्या काकूंनी वॉशिंग मशीन आणली तेव्हा गल्लीतल्या बायका कौतुकानं बघायला गेल्या. मशीनला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. आत्यानं झाकण उघडून आत डोकावलं आणि पेढा तोंडात ठेवूनच सांगितलं, "देखणी हाय. पण ह्या बोअरच्या पाण्यावर वरीसभरात मुतखडा होईल हिला." काकूंनी बोलणं टाकलं. पुढं मशीन बंद पडली आणि मेकॅनिकनं कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर चुन्याचं जाडजूड कवच. आत्यानं समाधान लपवायचा जरासुद्धा प्रयत्न केला नाही. कवचाचा एक तुकडा मागून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसली. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. त्यांना तिचा धाक होता, आणि चारचौघांत तिची लाजही वाटायची.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण माझ्या बहिणीला, वैशालीला, चितेगावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर, स्वतःचं घर, अंगणात बोअर. आम्ही घर बघायला गेलो. पोहे आले, आणि आत्या "हात धुऊन येते" म्हणून उठली. वडिलांचा घास तोंडातच थांबला. बऱ्याच वेळानं ती ओल्या हातांनी परत आली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "गीझर कितवा?"

"तिसरा," त्या बिचाऱ्या बोलून गेल्या.

"पहिले दोन कशानं गेले, ते नाय इचारत मी."

परतताना गाडीत वडिलांचा तोल गेला. "ताई, लग्न माणसाशी लावायचंय का नळाशी?"

"माणूस कामाला जातो बाहेर. नळापाशी बाई राहती," आत्या म्हणाली. "पोरगी इथं द्यायची नाय."

पण वैशालीला मुलगा आवडला होता, त्यामुळं लग्न झालं. आत्या आली, पण रुसून. रुखवतात लाडू-चकल्यांच्या ओळीत तिनं गीझर धुवायला म्हणून लिंबूसत्त्वाची भलीमोठी बरणी मांडली. मुलाच्या मामांनी साखर समजून चिमूटभर तोंडात टाकली. त्यांचा तो चेहरा लग्नाच्या अल्बममध्ये आहे.

काही दिवसांनी चितेगावला जेवायचं बोलावणं आलं. वैशालीनं सगळा स्वयंपाक स्वतः केला होता. वरण वाढलं गेलं. डाळ कुठं शिजलेली, कुठं कचकचीत. तिच्या सासूबाई हसत म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंना अजून वरण काही जमत नाही हं!" सगळे हसले. वैशालीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

आत्या हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

"पोरीनं नाय बिघडवलं वरण. तुमच्या पाण्यानं बिघडवलं."

"ताई..." वडील दबक्या आवाजात म्हणाले.

"थांब जरा तू." तिचा नेहमीचा ठसका कुठंतरी गेला होता. "माझ्या सासरच्या हिरीचं पाणी असंच. डाळ शिजायचीच नाय. सासू ताट ढकलून द्यायची. म्हणायची, हिच्या हाताला गुण नाय. मी अंधारात उठून चूल पेटवायची, लाकडं जास्ती घालायची. ह्यांनी तर घरी जेवणंच सोडलं. मलाबी वाटाय लागलं, आपल्या हातातच खोट हाय. मग एका पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरलं आन् त्यात डाळ टाकली. लोण्यावानी शिजली. सगळे गप जेवले. आपलं चुकलं, असं कुणीबी म्हणलं नाय."

कुणी पाणीसुद्धा पिईना. मग वैशालीच्या सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी चिमूटभर सोडा टाकते डाळीत. हिला... सांगायचं राहून गेलं."

आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी जीव मुठीत धरला. पण ती म्हणाली, "आता सांगितलंत ना? बास." आणि ताट पुढं ओढून ते कचकचीत वरण तिनं भाताबरोबर संपवलं. मागूनही घेतलं.

परतताना गाडीत, पैठण रोडवरची गर्दी मागं पडल्यावर वडील म्हणाले, "ताई, तेव्हा कळवायचं तरी. मी आलो असतो तुला घ्यायला."

आत्या खिडकीबाहेर बघत होती. "तू?" ती हसली, आणि गाडीच्या सीटपाशी तळहात आडवा धरून म्हणाली, "एवढाच होतास रे तू तवा."

वडील त्या हाताकडं बघत राहिले. उस्मानपुरा येईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.