दुसरा जोडा

मास्तरांकडे जोडे शिवायला येणाऱ्याला आधी कागदावर उभं राहावं लागे. मास्तर गुडघे टेकून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढत, कोपऱ्यात तारीख आणि तक्रार लिहीत आणि त्या रेघेबरहुकूम लाकडी फर्मा, म्हणजे पावलाचा साचा, तासत. बोट दुखतं ते जोड्यामुळेच, हे त्यांचं ठरलेलं मत. चाळीस वर्षांत ते बहुतेकदा खरंही निघालं होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण आता दुखत होता तो त्यांचा स्वतःचा उजवा अंगठा. दीड महिन्यापूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निघालं आणि गुठळी होऊन लकवा मारू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. थोरला भाऊ लकव्याने दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेला होता, त्यामुळे मास्तर ती गोळी न चुकता घेत. आणि आता बसल्या जागी अंगठ्याची आग होऊ लागली.

त्यांनी दार लावून स्वतःच्याच पावलाची रेघ काढली. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर धरून पाहिली, तर केसाचाही फरक नाही. म्हणजे पाय ठीक, दोष जोड्याचा. मग त्यांनी जोडा फर्म्यावर ताणला, एक शिवण उसवली आणि शेवटी अंगठ्यापुरतं कातडंच कापून टाकलं. आग तशीच राहिली. अंगठा जांभळा पडत चालला होता, पण पेन्सिलीच्या रेघेत रंग कुठून दिसणार? घरात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

बायकोला तो भोक पाडलेला जोडा सापडला. मास्तरांनी चांगलं कातडं कापलं म्हणजे प्रकरण साधं नाही, हे तिने लगेच ओळखलं. पाय पाहिल्यावर तिने दवाखान्यात नंबर लावला. शेजाऱ्याने तोवर सांगून ठेवलं होतं की हा सगळा त्या गोळीचा प्रताप. मास्तरांचं इकडे आड तिकडे विहीर झालं. गोळी घ्यावी तर अंगठा जाईल, सोडावी तर भावाचं वाकडं झालेलं तोंड डोळ्यांसमोर येई. दवाखान्यात जायच्या सकाळी त्यांनी गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं आणि खिशात ठेवली. चाळीस वर्षांत बायकोशी खोटं बोलायची वेळ क्वचितच आली होती, आणि ते त्यांना अंगठ्याहून जास्त टोचत होतं.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून पाहिला. हातोडी लागली का, पूर्वी असं कधी दुखलं होतं का, हे विचारलं. युरिक अॅसिड वाढलं तरी अंगठाच धरतो, म्हणाल्या, आणि या गोळीने कातडीखाली रक्तही साकळू शकतं. मास्तरांचा जीव जरा भांड्यात पडला.

"आता दुसराही जोडा काढा."

"तो पाय दुखत नाही."

"काढा तरी."

डाव्या पायाच्या दोन बोटांवर तसेच जांभळे डाग होते. बाईंनी दाबलं की ते फिके होत, सोडलं की परत येत.

मग बाईंनी सावकाश सांगितलं. कधीकधी ही गोळी सुरू झाल्यावर मोठ्या रक्तवाहिनीतल्या चरबीचे बारीक कण सुटतात आणि बोटांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. तेच असेल असं नाही, पण तेच नसेल असंही म्हणता येत नाही. असे कण मूत्रपिंडांतही अडकतात, तेव्हा तीही तपासावी लागतील. मोठ्या दवाखान्यात आजच जायचं.

"आजची गोळी घेतलीत?"

मास्तरांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"ती बंद करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही," बाई म्हणाल्या. "तिथले डॉक्टर ठरवतील. बंद केलीच, तर गुठळी होऊ नये म्हणून बदली औषध देतील."

बाईंनी चिठ्ठी लिहिली. बायको खाली वाकली आणि तिने आधी भोकाचा, मग धड जोडा त्यांच्या पायात घातला. त्या धड जोड्यात शोधूनही खोट सापडली नसती. जन्मभर लोकांच्या जोड्यांना नावं ठेवणारे मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"माझीच शिलाई चुकली असती तर किती बरं झालं असतं गं," ते म्हणाले.